मत नसलेल्यांची मतं

ऑफिसच्या फ्रीजमध्ये झाकणं हरवलेले डबे साठत जातात ना, तसे आमच्या लंच टेबलावर किस्से साठले आहेत. कुठला कधीचा ते आता सांगता येत नाही, पण टाकून द्यायलाही जीव होत नाही. त्यातले बहुतेक अमेरिकेच्या निवडणुकांचे आहेत. आम्ही राहतो कॅनडात, वॉटर्लूला. अमेरिकेत आमच्यापैकी एकालाही मत नाही. मतं मात्र भरपूर!

टेबल मायक्रोवेव्हच्या शेजारचं आणि बसणारे आम्ही चौघं. नागपूरचे नंदूभाऊ वैरागडे, पुण्याच्या शुभदाताई, कधीच कुठल्या बाजूला नसलेला मिलिंद आणि मी. नंदूभाऊ आधी न्यू जर्सीत होते. ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकले तरी नंबर लागेना, म्हणून वैतागून इकडे आले. अमेरिकेवरचं प्रेम मात्र सामानात बांधून आणलं.

त्यांचे थोरले भाऊ अण्णा पेनसिल्व्हेनियात ईरीला असतात. ते अमेरिकन सिटिझन. या वर्षी त्यांची आई नागपूरहून अण्णांकडे आली होती आणि तिचं सहस्रचंद्रदर्शन तिथेच करायचं ठरलं होतं. नंदूभाऊंना एवढंच हवं होतं की त्या दिवशी आईच्या पाया पडायला आपण हजर असावं. सकाळी गाडी काढली तर जेवायला ईरीला, इतकं जवळ. फक्त अमेरिकेचा व्हिसा संपला होता, तो रिन्यू करायचा होता.

"त्यात काय? तिकडे आपलंच सरकार आहे ना!" नंदूभाऊ म्हणाले होते.

* * *

'आपलं' म्हणजे लाल. मागे एकदा आमचा आवाज इतका चढला की एचआरची मेल आली. तेव्हापासून टेबलावर पक्षांची नावं घेणं बंद झालं. अमेरिकेतल्या रंगांप्रमाणे नंदूभाऊ लाल आणि शुभदाताई निळ्या.

आमचा मॅनेजर क्रेग इथलाच, चार पिढ्यांपासूनचा. रोज ऐकून ऐकून त्याला मराठीतले हे दोन शब्द कळायला लागले. एक दिवस मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "सो, हू आर यू रूटिंग फॉर? लाल ऑर निळा?"

त्याला वाटत होतं की या हॉकीच्या टीम्स आहेत! मी बिचाऱ्याला समजावून सांगायला गेले. त्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे यांची टीम कितीही वाईट खेळली तरी हे तिलाच चीअर करतात?"

"हो."

"आणि समोरच्या टीमने तेच केलं तर फाउल म्हणून ओरडतात?"

"हो."

"सो, हॉकी," क्रेग म्हणाला आणि कॉफी घेऊन निघून गेला.

* * *

एकदा मीच एक प्रयोग केला. फोनवर बातमी वाचून दाखवली. राष्ट्राध्यक्षांनी संसदेला न विचारता, एका सहीनिशी, अमुक इतक्या लोकांचे परवाने थांबवले. कोर्टाने विचारलं तरी कारण द्यायला नकार दिला. मी विचारलं, "हे बरोबर की चूक?"

नंदूभाऊ भाकरी मोडत राहिले. शुभदाताईंनी चष्मा पुसला.

"बोला ना!"

"आधी सांग, सही कोणाची?" दोघं एकदमच म्हणाले.

त्या वर्षानुवर्षांच्या भांडणात मी त्यांना एका सुरात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मिलिंद म्हणाला, "तुम्हाला दोघांनाही छान वाचता येतं, पण खालून वर!"

मी सांगितलं, सही लालची. लगेच नंदूभाऊ ताठ बसले. "मग बरोबर आहे. माणूस काम करून राहिला ना! आणि सरकारनं कारण काहून द्यायचं? ते सरकार आहे, नवरा नाही."

शुभदाताई म्हणाल्या, "ही सरळ हुकूमशाही आहे."

मग मी बातमीची तारीख पुन्हा नीट पाहिली. जुनी होती. सही निळ्याची होती.

शुभदाताईंनी डब्याचं झाकण लावलं. "नाही, म्हणजे त्या वेळची परिस्थिती वेगळी होती," त्या म्हणाल्या.

* * *

इथल्या निवडणुकीत रंग उलटे असतात. अमेरिकेत लाल जे बोलतात ते कॅनडात निळे बोलतात आणि तिकडचं निळं ते इकडे लाल. हे नंदूभाऊंना पाठ आहे, पण त्यांच्या बायकोला, रेखावहिनींना, कोणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी दारावर एक व्हॉलंटियर मुलगी आली. तुमच्या लॉनवर आमच्या उमेदवाराची पाटी लावू का, म्हणाली. वहिनींनी पाहिलं, पाटी लालभडक. नवरा रोज लाल लाल करतो, खूश होईल म्हणून त्यांनी तिला ड्राइव्हवेच्या अगदी तोंडाशी जागा दाखवली. वर चहाही पाजला.

संध्याकाळी शुभदाताई तिथून गाडीने जात होत्या. त्यांनी गाडी थांबवून फोटो काढला. सोमवारी टेबलावर दुसरा विषयच नव्हता. ज्यांना नंदूभाऊ रोज शिव्या घालत, त्यांची पाटी त्यांच्याच गवतात!

"मग उपटून टाका ना," मिलिंद म्हणाला.

"कसा उपटू? सगळ्या स्ट्रीटनं पाहिली. लोक म्हणतील, माणूस आठ दिवसांत पक्ष बदलते."

निवडणूक होईपर्यंत पाटी तिथेच राहिली. नंदूभाऊ रोज तिच्या कडेने मान खाली घालून गाडी काढायचे. आणि मुख्य म्हणजे, नंदूभाऊ अजून पीआरवर आहेत, म्हणजे रहिवासी कायमचे, पण नागरिक नाहीत. कॅनडातही त्यांना मत नाही!

* * *

शुभदाताईंचंही सांगायला हवं, नाहीतर नंदूभाऊ म्हणतील की मी निळी झाले.

अमेरिकेने टॅरिफ लावले तेव्हा शुभदाताईंनी अमेरिकन मालावर बहिष्कार टाकला. ग्रोसरीच्या दुकानात त्या प्रत्येक बाटली उलटी करून वाचायच्या. फ्लोरिडाचा संत्र्याचा ज्यूस बंद, कॅलिफोर्नियाचे बदाम बंद. घरात मुलं कुरकुरली, तर "तत्त्व म्हणजे तत्त्व!" मुलांनी "बट मॉम, इट्स जस्ट ज्यूस," म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही.

नंदूभाऊंनी टेबलावर विचारलं, "अन् ताई, हातातला फोन?"

"तो चीनमध्ये बनतो."

"अन् रोज रात्री ज्या सिरीयली पाहता त्या?"

शुभदाताईंनी थोडा विचार केला. "त्या मी भावाच्या पासवर्डवर बघते. त्यांना माझ्याकडून काहीही मिळत नाही."

* * *

आमच्या टेबलाच्या मालकीचं खरंखुरं मत एकच, ते म्हणजे अण्णांचं. तेही पेनसिल्व्हेनियातलं, जिथे दोन्ही पक्ष एकेका मतासाठी दारोदार फिरतात. गेल्या निवडणुकीत नंदूभाऊ महिनाभर रोज अण्णांना फोन करायचे. शेवटच्या आठवड्यात शुभदाताईंनीही अण्णांचा नंबर मागितला. नंदूभाऊंनी दिला नाही.

मतदानाच्या दिवशी अण्णांचा मेसेज आला, मत दिलं. नंदूभाऊंनी तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला.

"अण्णा, लालच ना?"

"स्कूल बोर्डाला दिलं. आमच्या गल्लीत फुटपाथ बांधून देणाऱ्या बाईला दिलं. वरची, राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी ठेवली. मला दोघंही पटत नाहीत."

"कोरी? अरे, लोक इथं मतासाठी तरसून राहिले, अन् तू कोरी ठेवली?"

अण्णा म्हणाले, "नंदू, तुले पक्ष निवडणं किती सोपं आहे रे. तुले इथं राहायचं नाही ना."

फोन ठेवल्यावर नंदूभाऊ म्हणाले, "नेटवर्क बरोबर नव्हतं."

* * *

"लॉयल्टी आमच्या रक्तातच आहे. अण्णा अपवाद," असं नंदूभाऊ त्यानंतर बरेच दिवस सांगत होते. "आमची आई पाहा. जन्मभर एकाच पक्षाला मत देते. लाट येवो, वादळ येवो!"

आई ईरीला पोचली तेव्हा त्यांनी आम्हाला फोनवर तिच्याशी बोलायला दिलं. शुभदाताईंना राहवलं नाही. "आई, तुम्ही नेहमी कोणत्या पक्षाला मत देता हो?"

"पक्ष नाही बा मले माहीत. वरून दुसरं बटण."

"म्हणजे?"

"नंदूचे बाबा सांगून गेले होते, वरून दुसरं दाबजो. तेव्हापासून तेच दाबतो."

"अहो, पण उमेदवारांचा क्रम दर वेळी बदलतो!"

"बदलू दे ना बाई. ते बदलतात म्हणून मी काहून बदलू?"

नंदूभाऊंनी अभिमानाने आमच्याकडे पाहिलं. मला अजूनही कळलेलं नाही की ते हरले होते की जिंकले होते.

* * *

व्हिसाच्या इंटरव्ह्यूला टोरांटोला जाताना नंदूभाऊंनी लाल टाय लावला. आता सोशल मीडियावर काय काय लिहिलंय तेही तपासतात असं ऐकून आम्ही घाबरलो होतो. ते उलट खूश होते. "तपासू दे ना! मी त्यांचं जेवढं कौतुक केलं तेवढं त्यांच्या बायकोनं नसेल केलं."

आत खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्ही आमच्या निवडणुकांबद्दल फार लिहिता. का?"

"आय लव्ह युअर डेमोक्रसी, मॅडम."

"तुम्ही स्वतः कुठे मत देता?"

नंदूभाऊंनी विचार केला. न्यू जर्सीत हक्क नव्हता, कॅनडात अजून नाही आणि नागपूरच्या यादीतून नाव कधीच उडालं होतं. "नो व्हेअर, मॅडम," ते म्हणाले.

बाईंनी एक कागद हातात दिला. जास्तीची तपासणी. कशाची, ते सांगणार नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. दाद मागायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांनी हे सगळं सांगितलं आणि डबा न उघडता बसून राहिले. मी शुभदाताईंकडे पाहिलं. 'ते सरकार आहे, नवरा नाही' हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसत होतं. वर्षभर त्या अशाच दिवसाची वाट बघत असणार.

त्यांनी आपल्या डब्यातली कारळ्याची चटणी नंदूभाऊंच्या पुढे सरकवली. "खा. तेल घालून घ्या," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला शुभदाताई फार आवडल्या.

* * *

सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस आला तरी व्हिसा आला नाही. आईला इकडे आणावं, तर अण्णांच्या वकिलाने सांगितलं, एकदा बाहेर गेल्या की परत आत घेतील याची खात्री नाही. आणि तिचं सामान, औषधं, परतीचं तिकीट सगळं तिकडे. शेवटी मिलिंदने तोड काढली. नायगाराच्या धबधब्यापासून थोडं खाली, क्वीन्स्टनला, नदी अरुंद होते. अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका. माणसं एकमेकांना दिसतात.

आम्ही सगळे मिलिंदच्या व्हॅनमधून निघालो. रेखावहिनींनी शिरा केला होता. पलीकडे सकाळचा विधी उरकून अण्णा आईला घेऊन काठावर आले होते. नदीपलीकडे चार-सहा ठिपके दिसत होते. त्यातला आईचा कोणता, कळेना. नंदूभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला.

"नंदू, तू कोणता रे? मले सगळे सारखेच दिसून राहिले."

"हात वर केला आहे ना मी, आई!"

"सगळ्यायनंच केले बाप्पा!"

खरंच, आम्ही सगळेच हात वर करून उभे होतो. आम्ही पटकन खाली घेतले. एकच हात राहिला.

"हां, दिसला," आई म्हणाली. मग जरा थांबून, "वाळला रे तू."

अख्ख्या नदीपलीकडून! नंदूभाऊंनी फोन वहिनींकडे दिला, बूट काढले, मोजे काढले, बूट नीट जोडून ठेवले. मग पलीकडच्या काठाकडे डोकं करून गवतावर आडवे झाले. साष्टांग नमस्कार. फोनमधून आईचा आशीर्वाद येत होता, "सुखी राहा, मोठा हो," आणि पन्नाशीचा हा माणूस कपाळ टेकवून उठायचं नाव घेईना. मला बघवेना, म्हणून मी नदीकडे बघत राहिले.

मागे, पलीकडून इकडे फिरायला आलेलं एक म्हातारं अमेरिकन जोडपं थांबलं होतं. नंदूभाऊ उठले तसे ते गृहस्थ पुढे आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि डोळे भरून आले होते. म्हणाले, "सर, माझ्या देशाला एवढा मान देणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

शुभदाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

नंदूभाऊंनी कपाळाला चिकटलेलं गवत पुसलं. एकदा नदीपलीकडे पाहिलं. मग त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन म्हणाले, "येस सर. ग्रेट कंट्री. व्हेरी नाइस फ्रॉम हिअर."