साडूपेक्षा बारीक बिट

धाकटे जावई या घरात येईपर्यंत थोरल्या जावयांचा थाट काही औरच होता. मिक्सर अडला, इस्त्री रुसली, की लगेच "थोरल्यांना बोलवा." मग एक दिवस धाकट्यांनी घरी बनवलेला सर्किट बोर्ड सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला. "अगंबाई, सुईनं पाडल्यासारखी भोकं!" थोरल्यांचा चहा तिथेच कडू झाला.

त्यात सासूबाईंना कमी ऐकू येऊ लागलेलं. दारावरची बेल दाबली की त्यांच्या खुर्चीसमोर दिवा लागायला हवा होता. "दोघांपैकी जो आधी करील, त्याचा लावू," त्या म्हणाल्या.

थोरले तडक दुकानात.

"आमच्या साडूंनी भोकं पाडायला ड्रिलचा कोणता बिट नेला?"

"कार्बाइडचा, एक मिलिमीटर," दुकानदार म्हणाला. "पण त्यांच्याकडे ड्रिलला स्टँड आहे. तुम्ही हातात धरणार. कार्बाइडची धार टिकते, पण हात जरा तिरका झाला की कट्ट. तुम्ही आपला साधा स्टीलचा न्या. बोथट होतो लवकर, पण सांभाळून घेतो."

"म्हणजे त्यांना कार्बाइड, आणि मला सांभाळून घेणारा? कार्बाइडच द्या. त्यांच्याहून बारीक. दोन-तीन द्या."

घरी पहिला बिट टेकवताच मोडला. दुसऱ्याच्या वेळी बायकोला धाकट्या बहिणीची नक्कल करायची हुक्की आली. "आमचे हे ना, ताई, नुसतं हँडल दाबतात. भोक आपलं आपणच पडतं." तोही मोडला. तिसरा थोरल्यांनी श्वास रोखून टिकवला. भोकं अशी नाजूक पडली की बोर्ड उजेडाला धरून ते एकटेच हसले.

बायकोने एक सुटा भाग उचलून लावून पाहिला. "अहो, भोकं सुंदरच आहेत. पण याचे हे तारेचे पाय आत जात नाहीत."

थोरले पुन्हा दुकानात गेले आणि स्टीलचा जाड बिट मागितला. दुकानदाराने तो आधीच बाजूला काढून ठेवला होता, तेच जास्त झोंबलं. भोकं मोठी करताना काही अंड्यासारखी झाली. पण पाय बसले, सोल्डर धरलं, आणि दिवा लागला. तोही धाकट्यांच्या आधी.

सासूबाईंच्या समोर भिंतीवर बोर्ड चढवून थोरले पायावर पाय टाकून बसले. तेवढ्यात दिवा लागला. सासूबाईंचा चेहराही उजळला.

"धाकटे आले वाटतं," त्या म्हणाल्या. "जावईबापू, जरा दार उघडता का?"