वारं फिरेपर्यंत

राजूर-भोकरदन रस्त्यावरच्या आमच्या शाळेत समुद्र पाहिलेलं एकही मूल नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी चौथीला जुन्या जहाजांबद्दल सांगायला लागले, तर पहिलाच प्रश्न आला, "म्याडम, जहाजाला बैल किती लागतेत?" विचारणारा गंभीर, सगळा वर्ग गंभीर. मी मात्र पोट धरून हसले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गोठ्यातली बाज मैदानात आली. तिला बांबू बांधला, बांबूला कापूस वेचायचं फडकं लावलं, झालं जहाज. शाळेच्या पायऱ्या हे आपलं बंदर आणि पश्चिमेचं कडुनिंबाचं झाड म्हणजे अरबस्तान. फार पूर्वी भोकरदनचा माल बैलांच्या पाठीवरून बंदरापर्यंत जायचा आणि तिथून गलबतात चढायचा, ही गोष्ट मी सांगितली. जहाजात काय भरू या म्हटल्यावर पोरांनी आधी पाण्याच्या घागरी चढवल्या. टँकरच्या गावची पोरं ती. समुद्रात पाणीच पाणी असतं असं मी म्हणाले, तर एकाचाही विश्वास बसेना. ते खारट असतं हे कळल्यावर त्यांनी आणखी घागरी आणल्या.

बैल नाहीत, म्हणजे ओढणार वारा. पण तो कुठून कुठं चाललाय, हे कसं ओळखायचं? मागे बसणाऱ्या एका मुलीनं मूठभर माती उचलून हळूहळू सोडली. धान्य उपणायच्या आधी तिची आई तसंच करायची. माती निंबाकडे उडाली. तीच आमची नाखवा, म्हणजे जहाज हाकणारी झाली. हिवाळ्याच्या वाऱ्यावर जहाजं पलीकडे जायची आणि वारं उलट फिरेपर्यंत तिथल्याच बंदरात थांबायची, हे मी सांगितलं. पोरांनी तोच खेळाचा नियम केला. बाज उचलून, आरडाओरडा करत पोरांनी जहाज अरबस्तानला लावलं.

त्याच आठवड्यात नाखवाचे आईवडील ऊसतोडीला निघाले. धाकटं भावंड सांभाळायला तिलाही नेणार होते. मी तणतणत तिच्या घरी गेले. आजीजवळ ठेवा म्हणाले, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "बारक्याला कोण पाहील, म्याडम?" तिच्या आईनं विचारलं. एकदा फडावर गेलेलं पोर पुन्हा वर्गात बसेलच, याची खात्री कुणालाच नसते. त्या दिवशी परत येताना मला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या मुलाला नाखवा केलं आणि म्हटलं, चला, जहाज परत आणू. एकही पोर हललं नाही.

"वारं फिरलं न्हाई अजून."

मी रागावले, डोळे वटारले. उपयोग शून्य. मुख्याध्यापकांनी बाजेवरून चार वेळा टोकलं, तेव्हा मीच त्यांना अरबस्तानचा नियम समजावून सांगितला. बाज निंबाखालीच राहिली. फडकं ऊन खाऊन विटलं, घागरी मात्र पोरं रोज पुसायची.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्ग पाचवीत गेला, पण नाखवा आली नाही. तिची ऊसतोडीची टोळी गावात परतलीय, एवढं कानावर आलं होतं. आता तिला घरीच ठेवणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग एका सकाळी तिची आई फाटकात उभी, मागे ती. उंच झालेली, उन्हानं करपलेली.

"यंदा घरीच ठेवणार व्हतो हिला," आई म्हणाली. "पण बिलकुल ऐकून न्हाई राह्यली. पोरींनी सांगितलं म्हने, जहाज तिकडंच उभं हाय. आता बसवा तुमच्या शाळेत. बारक्याचं पाहू कायतरी."

त्या बाईचे आणि माझं न ऐकणाऱ्या त्या हट्टी पोरांचे उपकार मी कसे फेडू, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

मुलगी तोवर निंबाखाली पोचली होती. तिनं मूठभर माती सोडली. माती शाळेच्या पायऱ्यांकडे उडाली. वर्गातून पोरं धावत सुटली. ती बाजेवर चढली, एकेक घागर हलवून पाहिली. सगळ्या रिकाम्या.

"पाणी भरा जल्दी," ती ओरडली. "घरी जायचंय."

सगळ्यांत आधी घागर मी उचलली.