साहेबांच्या वडिलांनी मागितलेली रजा

ग्राइंडरखाली तापलेल्या लोखंडाचा वास आला की आखातातल्या हमरियाच्या फॅक्टरीत पाहुणे म्हणून आलेले आमच्या फ्रेंच मॅनेजरचे वडील आठवतात. तरुणपणी ते तिकडे वेल्डर होते, मग कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी झाले, कित्येक वर्षं आपल्या गावचे नगराध्यक्ष होते आणि शेवटी निवडणूक हरून घरी बसले. जुलैच्या उकाड्यात ते शेडमध्ये आले आणि आमच्या दापोलीच्या वेल्डरची मोडक्या इंग्रजीत चौकशी करू लागले. दुभाष्या मी. "आई अंथरुणाला खिळलीय," वेल्डर म्हणाला, "रजा मागितली, तर ऑर्डर पूर्ण होईपर्यंत नाही म्हणाले." म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "युनियन?" "इथे नसते, सर." ते थेट मुलाच्या केबिनमध्ये गेले. काचेआड बराच वेळ दोघांचे हातवारे दिसत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा पार उतरला होता. "आयुष्यभर मालकांशी भांडलो," ते म्हणाले, "पण पोटच्या पोरापुढे काही चाललं नाही. याला सांग, मला माफ कर." मी सांगितलं. वेल्डरने त्यांना बसायला स्टूल दिलं. "त्यांना म्हणावं, खलास, झालं ते सोडून द्या. कोणीतरी विचारलं, हेच पुष्कळ." पुढच्याच आठवड्यात त्याची आई गेली. आता मला बढती मिळालीय, रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. काही मंजूर करतो, बरेचसे परत पाठवतो, आणि परत पाठवलेल्यांची नावं लक्षात ठेवायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.