घशातला खुंटा

खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि आमचं भात गेलं. बाबा धरमतर बंदरात मालवाहू बार्जवर कामाला लागले, आई मिठागरात. तरी ओढाताण होतीच. त्यात धाकट्या बहिणीचा घसा. थंडी पडली की टॉन्सिल सुजायचे, ताप भरायचा, शाळा बुडायची. नववीत ती त्यानेच नापास झाली. यंदाही तसंच झालं तर तिला मिठागरात धाडायचं, हे घरात ठरल्यासारखं होतं.

शेजारची काकू अंगठ्याला मीठ-हळद लावून तिच्या घशातल्या गाठी दाबायची. एकदा बहीण तिला कडकडून चावली, तेव्हा तो उपाय बंद पडला. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठी काढून टाका. आई तयार झाली. बाबा अडून बसले. पोरीचा आवाज गेला तर?

मी तेव्हा कासूहून रेल्वेने रोह्याच्या कॉलेजला जायची. घराण्यात कॉलेज बघणारी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं सांगायची खुमखुमी दांडगी. लायब्ररीतल्या जाड शब्दकोशात टॉन्सिल शोधला. लॅटिनमध्ये टॉन्सिला म्हणजे काठावर होडी बांधायचा खुंटा. गाठींचं नाव त्यावरून पडलं असावं, असं दिलं होतं. खात्रीने नव्हे, पण मला ते भारी आवडलं. होड्यांत वावरणाऱ्या बाबांना तर नक्की आवडेल म्हणून जेवताना ऐटीत सांगितलं.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मंग तं नायच काढायचा. खुंटा काढला तं होडी जाईल ना वाहून."

झालं. माझं शिक्षण माझ्याच अंगावर आलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

पेज पीत बसलेल्या बहिणीने बसक्या आवाजात विचारलं, "बाबा, खुंटा कुजला तं काय करता?"

"उपटतो. कुजक्या खुंट्याला होडी कोण बांधतो?"

बोलून गेले आणि आपल्याच शब्दात अडकले. बहिणीने वाडगा ठेवला, दिव्यासमोर जाऊन आ केला. बाबा वाकून बघत राहिले. मग आईला म्हणाले, "कुजलाय गो."

दिवाळीनंतर पेणला ऑपरेशन झालं. बाबा खाटेशेजारून हलेनात. बहिणीला तोंड उघडता आलं, आवाज फुटला तेव्हा तिने पहिलं काय सांगितलं असेल?

"बाबा, होडी हाय जाग्यावर."

त्या थंडीत तिची शाळा बुडली नाही. पुढे ती मॅट्रिक झाली, माझ्याच कॉलेजात शिकली आणि बी.ए. झाली. मिठागरातल्या आमच्या आईच्या दोन्ही मुली पदवीधर आहेत.