वडील बंगल्यावर असतात

अंधेरीला गोऱ्यांच्या अमलातला एक दगडी बंगला होता. रंगीत काचा, लाकडी कोरीव जिना, आणि पोर्च एवढा ऐसपैस की आमच्यासारखी तीन बिऱ्हाडं आरामात मावली असती. पूर्वी तिथं गोरा साहेब राहायचा, माझ्या कॉलेजच्या दिवसांत आपले सरकारी साहेब. माझे वडील तिथले शिपाई. आम्ही मागच्या नोकरांच्या खोलीत.

पार्ल्याच्या कॉलेजात मी हे कसं सांगायचो? "वडील बंगल्यावर असतात." खोटं नव्हतंच हो! शिपाई, माळी, खानसामे सगळे असंच म्हणायचे. ऐकणारा 'बंगल्यावर'चं 'बंगल्यात' करून घेत असेल तर तो व्याकरणाचा दोष, माझा नव्हे. वर्गातल्या एका मुलीवर माझा जीव जडला होता, तिनंही तसंच करून घेतलं. मी कशाला दुरुस्त करतोय!

एका रविवारी ती माझी वही परत द्यायला थेट पोर्चमध्ये हजर. साहेब सहकुटुंब गावाला गेलेले. दार उघडलं ते पांढरा कोट आणि पितळी बिल्ला लावलेल्या माझ्या वडिलांनी. मी बागेत, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, मोगऱ्याला पाणी घालत होतो. वाट लागली! तिनं माझं नाव घेऊन विचारलं, "आहे का तो? त्याचे वडील इथले साहेब ना?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो हो, बसा ना. छोट्या साहेबांना बागेचा फार नाद."

आणि मी महामूर्ख, खरंच हात पुसून साहेबांच्या वेताच्या खुर्चीत बसलो. वर ऐटीत म्हणालो, "चहा आणा." 'आण' नाही म्हणालो, तेवढीच अक्कल शाबूत होती. वडिलांनी ट्रेमधून चहा आणला आणि खांबापाशी उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण उठलो नाही.

फाटकापाशी ती म्हणाली, "नाक अगदी वडिलांचं घेतलंयस रे. अक्कल कुणाची घेतलीस?" आणि मागे न बघता गेली.

संध्याकाळी मी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो. आता कानाखाली बसणार, बसायलाच हवी होती. वडिलांनी कोट काढून खुंटीला अडकवला.

"मुलगी चांगली आहे रे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी घरी आण. मी कोट काढून ठेवीन."