सात सेकंदांची नोकरी

आमच्या गावच्या बातम्या आणि गप्पांच्या रेडिओ केंद्रात सगळ्यात घाबरट माणूस सगळ्यात महत्त्वाच्या बटणावर बसवला आहे. सगळे त्यांना कात्रीकाका म्हणतात. श्रोत्याचा फोन थेट हवेत जात नाही; आधी सात सेकंद यंत्रात थांबतो, मग घरोघरी ऐकू येतो. तेवढ्यात कुणी शिवी दिली तर काकांनी बटण दाबून ती गिळून टाकायची. नोकरी एवढीच.

टायरच्या दुकानावर केंद्र सुरू झालं तेव्हा हे यंत्र नव्हतं. मग एका निवृत्त हेडमास्तरांनी फोनवरून आपल्या शेजाऱ्याच्या कुळाचा उद्धार केला, तोही अत्यंत शुद्ध भाषेत. खाली पंक्चर काढणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच आठवड्यात यंत्र आलं आणि यंत्रामागे काका.

यंदा मात्र दोन शिव्या निसटल्या होत्या आणि परवाना खात्याकडून दोन ताकिदी आल्या होत्या. "तिसरी आली की श्रोत्यांचे फोन बंद," मालक म्हणाले होते, "आणि फोन बंद म्हणजे काका, तुम्हीही घरी."

तेव्हापासून काकांना धड जेवण जाईना. बायकोनं "भात वाढू का?" विचारलं तरी ते थोडं थांबून उत्तर देत.

"अहो, मी शिवी नाही दिली," ती म्हणे. "लगेच बोललात तरी चालेल."

त्या यंत्राची एक खोड आहे. बटण एकदा दाबलं की साठवलेले सात सेकंद खर्च होतात आणि हळूहळू परत भरतात. तोवर लाल दिवा. लाल दिव्यात जो जे बोलेल ते जसंच्या तसं गावाच्या कानावर. म्हणून बटण जपून दाबायचं असतं.

त्या सकाळी विषय होता खणून ठेवलेल्या रस्त्याचा. पहिला फोन एका शिलाईवाल्या बाईंचा. छान बोलत होत्या. मधेच थांबून त्यांनी लांब श्वास घेतला. एवढा मोठा श्वास माणूस चांगल्या शब्दासाठी घेत नाही, असं काकांना वाटलं. त्यांनी बटण दाबलं.

बाई शिंकल्या.

काचेपलीकडे बसलेल्या निवेदिका ताईंनी काकांकडे असं पाहिलं, जणू काकाच शिंकले होते. दिवा लाल झाला. पण ताईंनी पुढचा फोन घेऊनही टाकला होता. पलीकडे निवृत्त बसचालक आजोबा. यंदाच्या दोन्ही ताकिदींचे मानकरी हेच.

"ताई, खड्ड्यात माझी स्कूटर गेली. स्कूटरवर मी होतो. आणि नगरपालिकेचा साहेब मलाच विचारतो, बघून चालवता येत नाही का? आयुष्यभर बस चालवली मी. आणि तो... तो..."

फोन तोडायचं बटण ताईंच्या हाताशी होतं. काका काचेपाशी जाऊन दोन्ही हातांनी खुणा करू लागले. ताईंना वाटलं, आजोबांना आणखी बोलू द्या म्हणतायत.

"बोला आजोबा," त्या म्हणाल्या. "अगदी मनमोकळं बोला."

काकांनी डोळे मिटले. दोन्ही मुलींची फी, बायकोचा चेहरा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"बोललो असतो," आजोबा म्हणाले, "पण ही समोर बसलीय. नीट बोला म्हणते." मग एकेक सभ्य शब्द शोधत, प्रत्येकाशी अडखळत त्यांनी साहेबांना 'बेफिकीर' म्हटलं, मग बऱ्याच वेळानं 'निष्काळजी'. शब्द संपत आले तसा दिवा हिरवा झाला. काका खुर्चीत परतले आणि घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला.

"द्या इकडे," फोनवर आजोबांच्या बायकोचा, आजींचा आवाज आला. "ताई, यांना सांगता येत नाही. तो साहेब म्हणजे..."

आणि आजींनी तो साहेब म्हणजे काय ते सांगितलं. त्याचे वडील काय होते तेही सांगितलं.

काकांनी रुमालासकट बटण दाबलं. गावाला फक्त ताईंचं "धन्यवाद आजी" ऐकू आलं. आजी मोजकं बोलतात, असं वाटलं असेल लोकांना.

दिवा पुन्हा लाल. पुढचा फोन लुकलुकत होता आणि ताईंचा हात तिकडे निघाला होता. काका उठले, काचेला नाक लावलं आणि दोन्ही हातांची फुली केली. आता मात्र ताईंना समजलं. त्यांनी कागद ओढून हवामान वाचलं. वाचून झाल्यावर काकांकडे पाहिलं. दिवा अजून लालच होता; काकांनी नकारार्थी मान हलवली.

"ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी," ताई म्हणाल्या, आणि वाऱ्याच्या दिशेपासून पुन्हा सावकाश वाचायला लागल्या.