बाक एक, सागवानी

पोटरमामांना बाकावर बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बोरदऱ्याच्या स्टेशनात सागवानी बाक एकच, तोही दिवसभर रिकामा. पण मामा, तिथले पोर्टर, आपले भिंतीशी उकिडवे. "बाक पासिंजराचा हाय, बाई," म्हणायचे. पासिंजर औषधालाही नसला तरी बाक त्याचाच.

मी तिथल्या शाळेत मास्तरीण. रोज सकाळी शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, पॅसेंजरनं यायचे. पहिल्या दिवशी उतरले तर खाकी शर्टातला हा काडीपैलवान पुढं आला, "जय भीम, बाई" म्हणाला आणि पास मागितला. दुसऱ्या दिवशीही मागितला. आठवडाभरानं मी वैतागून म्हटलं, अहो मामा, उतरणारी मी एकटी, आता तरी ओळखा. तर म्हणे, "वळख येगळी, पास येगळा." पुढं सहा वर्षं मी रोज पास दाखवला.

गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की मामा दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं टोल द्यायचे. त्या टोलावर अख्खं गाव चालायचं. शाळा भरायची टोलावर, चूल पेटायची टोलावर. गाडीला उशीर तर शाळेलाही उशीर, त्यामुळं आमच्याकडं कुणी कधी उशिरा आलं असं झालंच नाही! एकदा दुपारच्या गाडीच्या टोलावर लग्न लावायचं ठरलं आणि नेमकी गाडी कुठंतरी अडकून पडली. नवरदेव घामाघूम, वऱ्हाडी भुकेनं कासावीस, नवरीचा बाप स्टेशनात येऊन हात जोडतोय की एक टोल द्या हो. मामांच्या हातात हातोडा, पण ढिम्म. "गाडी सुटल्याबिगर टोल नाय. लगीन काय पळून जातंय?" दोन तासांनी अक्षता पडल्या. त्या जोडप्याचा संसार उत्तम चाललाय, हेही सांगायला हवं.

स्टेशनाचा इतिहास विचारला की मामांची कळी खुलायची. असल्या माळावर निजामाच्या काळात काळ्या दगडाचं स्टेशन बांधलं तरी का? एकदा सांगायचे की एका नवाबाला इथं ससा दिसला. एकदा म्हणाले, कुण्या बेगमेच्या पोटात डचमळलं, गाडी थांबली ती थांबलीच. मी खनपटीला बसले तेव्हा कुठं खरं सांगितलं. "इंजनाला तहान लागली म्हून टेसन झालं, बाई. माणसं मागून आली." पाण्याची टाकी होती म्हणून गाड्या थांबत. पुढं वाफेची इंजनं गेली, तहान सरली आणि एक दिवस गाड्या थांबणंही सरलं.

स्टेशन बंद झालं त्याच महिन्यात मामाही निवृत्त झाले. स्टेशनमास्तर बदलीच्या गावी जाताना किल्ली आणि सामानाची यादी मामांच्या हाती देऊन गेले, की कुणीतरी चार्ज घ्यायला येईल, तोवर सांभाळा. झालं! मामा सांभाळत बसले. न थांबणाऱ्या गाड्यांना हिरवं निशाण दाखवायचं, रोज झाडलोट करायची. मी एसटीनं येऊ लागले होते, पण शाळा अजून त्यांच्याच टोलावर भरायची. मामी वारल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शहरात उस्मानपुऱ्याला राहणारी लेक दर महिन्याला न्यायला यायची, रडून परत जायची. मामांचं एकच. चार्ज दिल्याशिवाय हलायचं कसं? मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. त्या रिकाम्या इमारतीपायी म्हातारा एकटा मरणार, अशी भीती वाटायची.

गेल्या वर्षी लाईन दुहेरी करायचं काम आलं. स्टेशन पाडायचं ठरलं. मोजमापाला एक तरुण इंजिनिअर आला, तर मामा धुतलेला खाकी शर्ट घालून यादी घेऊन हजर. सोबतीला मी. पोरगा बिचारा भला होता. त्याला हसू आलं असावं, पण त्यानं पेन काढलं आणि म्हणाला, कुठं सही करू, बाबा?

"आधी मोजा," मामा म्हणाले.

मोजणी सुरू झाली. रुळाचा तुकडा एक, हातोडा एक, निशाणं दोन, कंदील एक, माठ एक. सगळं जागच्या जागी. बाक एक, सागवानी. बाक नव्हता.

तो बाक मी नेला होता! तपासणीचे साहेब येणार, बसवायला खुर्ची नाही, म्हणून दोन दिवसांसाठी मागून नेला आणि नऊ वर्षं पहिलीच्या पोरांच्या बुडाखाली ठेवला. इंजिनिअर म्हणाला, जाऊ द्या, तसंही सगळं भंगारातच जाणार आहे. मामांनी यादीवर हात ठेवला. "नसल्या वस्तूवर सही नाय चालत, साहेब." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तशीच शाळेत गेले. पोरांना उठवलं, ट्रॅक्टर मागितला, बाक घालून आणला. पोरांनी त्यावर आपली नावं कोरून ठेवली होती. इंजिनिअरनं त्यासकट लिहिलं, बाक एक, सागवानी, नावं कोरलेला, मिळाला. मग सही केली. मामांनी किल्ली दिली, हातोडा दिला, निशाणं घडी करून दिली.

त्याच संध्याकाळी ते लेकीबरोबर उस्मानपुऱ्याला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नातीचा चेहरा स्वच्छ दिसला. आठ महिने राहिले तिथं, आणि दिवाळीच्या आधी वारले.

पण मला मामा आठवतात ते सही झाल्यानंतरचे. लेक यायला अवकाश होता. ते बाकापाशी गेले, टोपीनं धूळ झटकली आणि बसले. ताठ, पिशवी मांडीवर घेऊन.

"आता मी पासिंजर हाय, बाई," ते म्हणाले.

तेवढ्यात एक्सप्रेस आली. मामांचा हात सवयीनं निशाणाकडं गेला, रिकामाच परत आला, पिशवीवर स्थिरावला. गाडी नेहमीसारखी न थांबता गेली. मग ते थोडे सरकले आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.